धुराड्याच्या झडपेचा वाली कोण?

धुराडे असलेल्या चुलीतली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे तिची झडप. तळहाताएवढी पत्र्याची गोल चकती, तिच्या मधोमध अडकवलेली एक सळई आणि सळईचे नळीबाहेर आलेले टोक वाकवून केलेली मूठ, एवढाच तिचा पसारा. मिस्त्री तिला डँपर म्हणतात. मूठ फिरवली की नळीच्या आत चकती उभी किंवा आडवी होते, धुराची वाट मोकळी होते किंवा अरुंद होते आणि तसा चुलीतला जाळ भडकतो किंवा बसतो. लोहाराला ती घडवायला फार वेळ लागत नाही. पण हीच चकती गंजून आडवी अडकली, तर जिला आपण निर्धूर चूल म्हणून घरात आणले ती तीन दगडांच्या चुलीइतका, कधी त्याहून दाट धूर घरात सोडू लागते. मग घरची बाई दोन-चार दिवस डोळे पुसत कळ काढते आणि एके दिवशी त्या चुलीवर पाण्याचे हंडे ठेवून अंगणात पुन्हा तीन दगड मांडते. सरकारी नोंदीत मात्र ती चूल चालूच असते. माझे म्हणणे असे की आपल्याकडच्या सुधारित चुलींच्या योजना चुलीच्या रचनेपेक्षा या चकतीपाशी जास्त अडल्या. चूल कोणी बसवायची हे प्रत्येक वेळी ठरले. ती बिघडल्यावर कोणी यायचे, हे कधीच पक्के झाले नाही.

हा प्रश्न जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, आणि त्यातही वांगणीच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. मध्य रेल्वेवरची बदलापूरजवळची वांगणी ही नव्हे. जव्हार तालुक्यातली वावर-वांगणी महाराष्ट्राला माहीत झाली ती १९९२-९३च्या सुमाराला, कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा. त्यानंतर या भागात अनेक योजना आल्या. २०१४च्या १ ऑगस्टला ठाण्यातून फुटून पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि २०१५मध्ये गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. मुलाच्या ताटात काय पडते याची चर्चा तेव्हापासून होते आहे आणि ती व्हायलाच हवी. पण ते ताट ज्या खोलीत वाढले जाते, त्या खोलीतल्या हवेची चर्चा जवळपास होत नाही. कुडाच्या भिंतींचे घर, त्यात चूल, चुलीजवळ झोळीत बाळ आणि बाहेर जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस, त्यामुळे दार लोटलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार घरातल्या धुरामुळे लहान मुलांच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाचा धोका जवळपास दुप्पट होतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या न्यूमोनियाने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४४ टक्के या धुराच्या खात्यावर जातात. २०२०मध्ये घरगुती धुराने जगात ३२ लाख माणसे गेली, त्यात २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती. कुपोषणाला अनेक कारणे आहेत आणि धूर हे त्यातले मुख्य कारण आहे असा दावा मी करणार नाही. पण आधीच अशक्त असलेल्या मुलाला न्यूमोनिया झाला तर ते मूल तग धरण्याची शक्यता कमी असते, हे कोणतीही आरोग्यसेविका सांगेल. वांगणीत चुलीच्या धुराचा प्रश्न म्हणूनच आहाराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

आता झडप नेमके काय करते ते नीट पाहू, कारण ते कळल्याशिवाय तिची दुरुस्ती कळत नाही. धुराड्यातून धूर वर जातो तो कोणी ओढतो म्हणून नव्हे. आतली हवा तापून हलकी होते, बाहेरची गार हवा जड असते आणि त्या फरकाने जो दाब तयार होतो तोच धुराला वर ढकलतो. हा दाब किती असतो? धुराडे तीन मीटर उंच आणि आतला धूर दीडशे अंश सेल्सिअस तापलेला धरला, तर जेमतेम दहा पास्कल, म्हणजे पाण्याच्या एका मिलिमीटर उंचीचा जेवढा दाब तेवढा. धुराडे एवढ्या नाजूक बळावर चालते. त्यामुळे वाटेतला बारीकसा अडथळासुद्धा त्याला पेलत नाही. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीत आतून सगळीकडे एक सेंटिमीटर काजळी चढली की नळी आठ सेंटिमीटरची होते, आणि धुराच्या वाटेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बंद होतो. त्यात सरपण ओले असेल तर जाळाची बरीच उष्णता पाणी उकळण्यातच जाते, धूर गार होतो, दाब आणखी पडतो आणि धुरातले डांबरासारखे चिकट द्रव्य नळीत आणि झडपेवर चिकटून बसते. त्या द्रव्यात आम्ल असते. पावसाळी दमट हवेत ते पत्र्याला लागले की पत्रा खाल्ला जातो. जव्हारच्या पावसात साध्या पातळ पत्र्याची चकती फार वर्षे टिकेल अशी अपेक्षा धरणेच चुकीचे.

चूल घरात धूर सोडू लागली की दोष झडपेचा की आणखी कशाचा, हे ओळखण्याची रीत अवघड नाही, पण ती कोणी शिकवलेली नाही. आधी चूल पूर्ण विझलेली आणि गार असताना मूठ फिरवून पाहावी. मूठ जडपणे फिरते आणि मध्येच थांबते, तर चकती काजळीत किंवा गंजात रुतली आहे. मूठ भिरभिर फिरते आणि आत काहीच हलल्याचा आवाज येत नाही, तर सळई आणि चकती यांना जोडणारा रिव्हेट तुटला आहे. हा दोष सर्वांत फसवा असतो, कारण बाहेरून झडप उघडी दिसते आणि आत ती बंदच असते. चकती नळीत पडून वाकणात तिरपी अडकली असेल तर तोही असाच चकवा देतो. नळीवर खालून काठीने हलके टकटक करावे. मोकळी नळी घणघणते, भरलेली बद्द वाजते. मग चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे, तो बाहेर वळला किंवा जागीच घुटमळला तर नाही. झडप उघडून-मिटून हीच परीक्षा दोनदा केली आणि फरक पडला नाही, तर झडप आपले काम करत नाही हे नक्की. फरक पडला, तरीही धूर घरात येतो, तर झडपेला सोडून इतरत्र बघायला हवे: भांडे आणि चुलीचे तोंड यांच्यातली फट, दुसऱ्या भांड्याकडे जाणाऱ्या बोगद्यात साठलेली राख, नळीच्या टोकावरची तुटलेली टोपी, पाखराने आत घातलेले घरटे, किंवा कौलांच्या आढ्यापेक्षा ठेंगणे राहिलेले धुराडे, ज्याच्यावरून वारा वाहताना धूर उलटा आत दाबला जातो.

दुरुस्तीही घराच्या आवाक्यातली आहे. रुतलेली चकती घणाने ठोकू नये, कारण त्याने नळीला चीर जाते. मूठ थोडी थोडी उलटसुलट हलवत, काजळी खरवडत ती सोडवावी. पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर नवी चकती करावी, आणि ती करताना दोन गोष्टी कटाक्षाने कराव्यात. एक, चकती नळीच्या व्यासापेक्षा थोडी लहान ठेवावी आणि तिला एक खाच किंवा भोक पाडावे, म्हणजे ती पूर्ण आडवी झाली तरी धुराला थोडी वाट उरेल. दोन, चकती ज्या दिशेला आहे त्याच दिशेला मूठ वाकवावी आणि मुठीवर खूण करावी, म्हणजे आत काय आहे ते बाहेरून अंधारातही हाताला कळेल. पहिली गोष्ट जिवाशी संबंधित आहे म्हणून जरा थांबून सांगतो. थंडीच्या रात्री ऊब राहावी म्हणून निखारे तसेच ठेवून झडप गच्च मिटण्याची कल्पना कुणालाही सुचू शकते. धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्या वेळी धूरही दिसत नसतो. दार लोटलेल्या लहान खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. पूर्ण मिटणारी झडप घरात असूच नये, हा नियम चूल बसवणाऱ्या प्रत्येकाने पाळला पाहिजे. दुसरी काळजी छपराची. नळी पेंढ्याच्या छपरातून जात असेल तर नळी आणि पेंढा यांच्यात मातीचा जाड पट्टा किंवा पत्र्याची चौकट हवीच, आणि काजळी साठू देता कामा नये, कारण नळीतली चिकट काजळी स्वतःच पेट घेऊ शकते. जुन्या धुराड्यांना लावलेले ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप फुटले असतील तर ते करवतीने कापू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. तिथे पत्र्याची किंवा भाजलेल्या मातीची नळी बसवावी.

एवढी साधी विद्या गावात का पोचली नाही, याचे उत्तर चुलीच्या सरकारी इतिहासात आहे. या विषयात महाराष्ट्र मागे नव्हता, उलट पहिल्यांपैकी होता. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे जे. सी. कुमारप्पांच्या मार्गदर्शनाखाली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले, तिथे १९४७च्या सुमारास मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी धूरविरहित स्वयंपाकघराचा विचार मांडणारे पुस्तक १९५३मध्ये प्रसिद्ध केले. त्या पिढीतल्या चुलींची कल्पना एकच होती: दोन-तीन भांड्यांना एकाच जाळाची धग द्यायची, धूर नळीने बाहेर काढायचा आणि ओढ झडपेने ताब्यात ठेवायची. पुढे १९८३मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२मध्ये तो बंद करून राज्यांवर सोपवेपर्यंत देशभरात ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. हा आकडा लहान नाही, आणि ज्यांनी ते काम केले त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, चुलींचे साचे तयार करून गावोगावच्या कारागिरांना त्या घडवायला शिकवले, हे तर महाराष्ट्राला अभिमान वाटावे असे काम आहे. पण कार्यक्रमाचे उद्दिष्ट बसवलेल्या चुलींच्या संख्येत ठरत होते. अनुदान चुलीला होते, झडपेच्या दुरुस्तीला नव्हते. १९९५-९६मध्ये राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने पाहणी केली तेव्हा ७१ टक्के चुली चालू स्थितीत आणि ६० टक्केच वापरात असल्याचे आढळले. दर शंभरांत चाळीस चुली बसवूनही कोणाच्या कामी येत नव्हत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच बंद पडलेल्या होत्या.

देखभालीने किती फरक पडतो याचे पुरावे दोन ठिकाणचे आहेत आणि ते शेजारी ठेवून वाचायला हवेत. ओडिशात ग्रामविकास या संस्थेने मातीच्या, धुराड्याच्या चुली दिल्या आणि रेमा हॅना, एस्थर दुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धुराचा अंश घटला. त्यानंतर तो फरक नाहीसा झाला. आजारपणात फरक नाही, सरपणात बचत नाही. कारण असे निघाले की चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची निगा राखली गेली नाही आणि वर्षागणिक वापर घसरत गेला. चूल मुळातच हलक्या प्रतीची होती, असा आक्षेप या अभ्यासावर घेतला गेला आणि त्यात तथ्य असू शकते. पण दुसरीकडे ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातला प्रयोग पाहा. तिथेही आदिवासी कुटुंबे, तिथेही लाकूड, तिथेही धुराड्याची चूल, जिला ते लोक प्लांचा म्हणतात. फरक हा की कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जात आणि चूल तपासून बिघाड असल्यास दुरुस्त करून घेत. २०११मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या वाट्याचा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. एकूण न्यूमोनियात मात्र ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी ज्या न्यूमोनियाने मूल दगावते त्यात एवढी घट होणे ही थोडी गोष्ट नाही. दोन्हीकडे चुलीला धुराडे होते. निगराणी एकीकडेच होती.

कोणी म्हणेल, आठवड्याला माणूस पाठवणे संशोधनाच्या पैशांत जमते, सरकारी पैशांत नाही. तर मग चीनकडे पाहावे. १९८०च्या दशकात चीनने खेड्यांत १० कोटींहून अधिक सुधारित चुली पोचवल्या. तिथे घरोघरी माणूस जात नव्हता. पण चुलीची लोखंडी जाळी, दारे, झडपा असे मोजके भाग ठरलेल्या मापांत कारखान्यांतून बनत आणि स्थानिक पातळीवर विकत मिळत. भाग मोडला की तोच भाग बाजारातून आणून बसवता येई. युन्नान प्रांतातल्या शुआनवेईत दगडी कोळशाच्या उघड्या शेकोट्यांना धुराडी जोडल्यानंतर पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ४१ टक्क्यांनी आणि बायकांत ४६ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात दिसले. आमचा लाकडाचा धूर वेगळा आहे, हे मान्य. पण धुराडे नीट चालले तर माणसाचे आयुष्य वाढते, याला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? जव्हारच्या बाजारात सायकलची ट्यूब, स्टोव्हची पिन, पंपाचा वॉशर मिळतो. चुलीची झडप मात्र मिळत नाही, कारण तिचे माप कोणी ठरवून दिलेले नाही. प्रत्येक योजनेची चूल वेगळी, प्रत्येकीची नळी वेगळी. एका जिल्ह्यापुरते तरी एक माप ठरवायला फार मोठ्या निधीची गरज नाही.

सर्वांत मोठा आक्षेप गॅसचा आहे आणि तो रास्त आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला सुरू झाली, देशात १० कोटींहून अधिक जोडण्या झाल्या, महाराष्ट्रात २०२४पासून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळू लागले. मग चुलीच्या झडपेवर डोके कशाला खपवायचे? गॅसच हवा, हे मलाही मान्य आहे. स्वच्छ इंधनाइतका दुसरा उपाय नाही. पण उज्ज्वलाचे कुटुंब वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडर घेते. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी गॅसवर करायचे, तर १४.२ किलोचा सिलिंडर महिना-सव्वा महिना पुरतो. उरलेले दिवस कशावर निघतात, हे सांगायला नको. सिलिंडर आला तरी नागलीची भाकरी चुलीवर, पाणी चुलीवर, पाहुणे आले की मोठे पातेले चुलीवर. ज्या पाड्यावर गाडी जात नाही तिथे रिकामा सिलिंडर खाली नेणे आणि भरलेला वर आणणे हे दिवसाचे काम असते आणि तो दिवस मजुरीचा असतो. एकाच घरात गॅस आणि चूल दोन्ही चालणे हीच येत्या काही वर्षांतली वस्तुस्थिती आहे. गॅस येणार म्हणून चुलीकडे पाठ फिरवली, तर मधल्या वर्षांत जन्मणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांचे काय करायचे, याचे उत्तर पाठ फिरवणाऱ्यांनी द्यावे.

दुसरा आक्षेप घराघरांतून येतो आणि शहरातले लोक त्याला अडाणीपणा समजतात, ते चूक आहे. धुराने माळ्यावरचे बियाणे किडत नाही, पेंढ्याच्या छपराला वाळवी लागत नाही, डास पळतात. यात अनुभवाचे सत्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या भाताचे आणि नागलीचे बी याच धुरावर राखले गेले. धुराडे लावून तो धूर बाहेर काढला तर बियाण्याची दुसरी सोय दिली पाहिजे: हवाबंद कणगी, बंद होणारे डबे, राखेत किंवा कडुलिंबाच्या पाल्यात बी ठेवण्याची रीत. ती न देता निर्धूर चूल दिली, तर घरातला शहाणा माणूस मुद्दामच झडप मिटून ठेवील आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. बियाण्यासाठी लागणारा धूर माळ्यावर हवा असतो, तो झोळीतल्या बाळाच्या नाकाशी असण्याची गरज नाही. वर्षातून काही दिवस, घरात कोणी नसताना, माळ्याला धुरी देता येते. ही तडजोड घरच्या बायकांशी बोलूनच ठरू शकेल.

बायका झडप वापरतच नाहीत, काढूनच टाकतात, अशी तक्रार चूल वाटणाऱ्यांकडून ऐकू येते. काढून टाकतात हे खरे, पण का काढतात ते तपासले पाहिजे. मोडकी झडप नळीत ठेवली तर घरात धूर, काढून टाकली तर निदान धूर बाहेर जातो, सरपण जरा जास्त जळते एवढेच. मोळी आणायला डोंगर चढणारी बाई हा सौदा पत्करते, तो विचार करूनच. झडप गेल्याने ओढ वाढते, धग दुसऱ्या भांड्याला न लागता नळीवाटे निघून जाते, आणि आठवड्याला एखादी मोळी जास्त लागते. म्हणजे मोडक्या झडपेची किंमत ती आपल्या पायांनी मोजत असते. यातून तज्ज्ञांनी घ्यायचा धडा असा की झडप शक्य तिथे नसावीच. लहान, दोन भांड्यांच्या चुलीत नळीचा व्यास आणि उंची नीट जुळवली तर झडपेशिवाय भागते आणि मोडणारा एक भाग कमी होतो. जिथे धुराडे उंच आहे किंवा घर वाऱ्याच्या तोंडावर आहे तिथेच ती असावी आणि तिथेही कधीच पूर्ण न मिटणारी. धूर घरातून काढून गल्लीत सोडला एवढेच झाले, असाही एक आक्षेप आहे. पाड्यावर घरे विरळ असतात, त्यामुळे तो इथे फारसा लागू नाही.

मग करायचे काय? या भागाचे वर्ष समजून घेतले तर मार्ग त्यातच सापडतो. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. काही शिमग्याला येऊन पुन्हा जातात, बाकीची पावसाच्या तोंडावर परततात. पाच-सहा महिने बंद घरातल्या धुराड्यात पाखरे घरटी करतात, झडप गंजून रुतते, नळीवरची टोपी वाऱ्याने जाते. परत आल्यावर पहिला जाळ पेटतो तो नेमका पावसाच्या दिवसांत, जेव्हा दार लोटलेले असते आणि सरपण ओले असते. वर्षातला सर्वांत वाईट धूर याच आठवड्यांत घरात भरतो. आणि याच दिवसांआधी प्रत्येक घर शाकारले जाते, आगोटीची बेगमी होते. छपरावर माणूस चढलेलाच असतो. दोरीला दगड आणि शिंदीच्या झावळीचा जुडगा बांधून त्याच वेळी नळी वरून खाली घासली, टोपी पाहिली, खाली झडप हलवून पाहिली, तर अर्ध्या तासात काम होते. शाकारणीत धुराडे धरले पाहिजे, एवढाच बदल.

त्यासाठी माणूस आणि थोडे पैसे लागतील, आणि दोन्ही गावात आहेत. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी २०१५पासून इथल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याच्या खर्चाचा एक मान्य विषय आहे. चुलीच्या धुराला आरोग्याचा विषय मानायला कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे? उमेदच्या बचत गटांतल्या प्रत्येक पाड्यावरच्या दोन बायकांना झडप-धुराडे तपासण्याचे आणि बदलण्याचे शिक्षण द्यावे, तपासलेल्या प्रत्येक घरामागे त्यांना मेहनताना द्यावा, आणि झडपा गावच्या किंवा जवळच्या लोहाराकडून एका मापात घडवून घ्याव्यात. मेहनताना नव्या चुलीला नको, सहा महिन्यांनंतरही धूर न सोडणाऱ्या चुलीला हवा. अंगणवाड्या आणि शाळांच्या स्वयंपाकखोल्या आधी घ्याव्यात, कारण तिथे गरोदर बायका आणि मुले रोज येतात. हे सगळे करूनही काही चुली मोडतील, काही घरे जुन्याच चुलीवर राहतील. तरी निगा नसलेल्या चुलींनी चाळीस वर्षांत जे साधले नाही ते निगा असलेल्या चुली साधू शकतात, असे मानायला पुरेसा पुरावा आपल्या हातात आहे.

महाराष्ट्र दिनाची, १ मेची ग्रामसभा पावसाच्या महिनाभर आधी भरते. वावर-वांगणीच्या ग्रामसभेने यंदा तिच्यात एक ठराव घ्यावा: मृग लागण्याआधी गावातले प्रत्येक धुराडे तपासले जाईल, मोडकी झडप बदलली जाईल आणि त्याचा खर्च अबंध निधीतून होईल. ज्यांच्या घरी आजच धूर कोंडतो आहे त्यांनी ठरावाचीही वाट पाहू नये. चूल विझवून गार होऊ द्यावी आणि मूठ फिरवून पाहावी.